दाराच्या पोकळीतले यंत्र

मोटारीच्या इतिहासावर ज्यांनी लेखणी चालवली, त्यांची दृष्टी इंजिनाच्या अश्वशक्तीवर, बाह्यांगाच्या रेषांवर आणि फार तर ज्या संस्थानिकांनी त्या गाड्या विलायतेहून मागवल्या त्यांच्या विलासी लहरींवर खिळून राहिली. दाराच्या दोन पत्र्यांमधील अंधाऱ्या पोकळीत बसून जे यंत्र काच वर नेते आणि खाली आणते, त्याच्या वाट्याला या ग्रंथांतून एखाद्या ओळीपलीकडे काही आले नाही. ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते. वरून छप्पर आणि चहूबाजूंनी काच असलेली मोटार आज इतकी स्वाभाविक झाली आहे, की ती शक्य व्हावी म्हणून कोणाला तरी काही शोधून काढावे लागले असेल हा विचारच मनाला शिवत नाही. आणि जुन्या गाडीचा जीर्णोद्धार करू पाहणारा हौशी गृहस्थ रंग, चामडे व निकेलचा मुलामा यांवर सढळ हाताने खर्च करून झाल्यावर जेव्हा दाराचे हँडल फिरवतो आणि काच जागची हलत नाही, तेव्हा कोठे त्याची या यंत्राशी पहिली ओळख होते.

घोडागाडीच्या काळी या यंत्राची गरज नव्हती. इंग्लंडातील बंद घोडागाड्यांना आणि आगगाडीच्या डब्यांना ज्या काचा असत त्या लाकडी चौकटीत बसवलेल्या असत, व चौकटीच्या खालच्या कडेला चामड्याचा किंवा जाड विणीचा एक रुंद पट्टा जोडलेला असे. तो ओढला की काच वर येई, आणि पट्ट्याला पाडलेल्या छिद्रांपैकी एखादे दाराच्या खुंटीत अडकवले की ती तेथे ठरे. पहिल्या बंद मोटारी बांधणारे लोक हे पिढ्यान्‌पिढ्या घोडागाड्या बांधणारेच कारागीर होते, त्यामुळे घोडा गेला आणि इंजिन आले तरी पट्टा कायम राहिला. एवढेच की धनिकांच्या गाड्यांत तो रेशमी झाला. त्या गाड्यांत चालक बहुधा उघड्यावर, पावसात भिजत बसे आणि मालक मागच्या काचबंद पेटीत बसे, ही व्यवस्थाही घोडागाडीच्याच जमान्याची होती. काच उचलायला नोकर हजर असे, आणि कोणालाच घाई नसे.

सामान्य ऐपतीच्या माणसाला मात्र उघडी टूरर गाडीच परवडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवर मोटार आली तेव्हापासून पुढली पंचवीस-तीस वर्षे तिचे प्रचलित रूप हेच होते: वर घडीचे कापडी छप्पर, आणि बाजूंना पाऊस आला तर बटणांनी अडकवायचे पडदे, ज्यांत बाहेरचे दिसावे म्हणून सेल्युलॉइडचे पातळ तुकडे शिवलेले असत. विलायतेच्या रिमझिमीला हा बंदोबस्त कदाचित पुरेसा असेल. परंतु जुलै महिन्यात समुद्रावरून आडवा येणारा कोकण किनाऱ्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला या पडद्यांची कैफियत वेगळी सांगायला नको. सेल्युलॉइड उन्हाने पिवळे पडे, घडीवर तडके, आणि चालकाला हाताने खूण करायची झाली तर पडद्याच्या फटीतून भिजलेला कोपर बाहेर काढावा लागे.

उघड्या गाडीचे हे राज्य अमेरिकेत संपले, आणि तेही थक्क व्हावे अशा वेगाने. १९१९ साली तेथे विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी बंद मोटारींचे प्रमाण शेकडा १० च्या आसपास होते. १९२७ मध्ये ते शेकडा ८५ झाले. हडसन कंपनीची एसेक्स ही बंद गाडी आरंभी त्याच नावाच्या उघड्या गाडीपेक्षा ३०० डॉलरने महाग होती, आणि १९२५ मध्ये ती उघड्या गाडीहून ५ डॉलरने स्वस्त झाली. या क्रांतीचे श्रेय मोठमोठ्या यंत्रांनी एकसंध दाबून काढलेल्या पोलादी पत्र्याला देण्याचा प्रघात आहे व तो चुकीचा नाही. पण पत्र्याच्या पेटीला खिडक्या लागतात, खिडक्यांना जड काच लागते, आणि नोकराविना स्वतःच गाडी हाकणाऱ्या मालकाला ती काच एका हाताने, रस्त्यावरची नजर न हलवता, वर किंवा खाली करता आली पाहिजे. पट्ट्याने हे होणे नव्हते. म्हणून डेट्रॉइटच्या आसपास या दशकात हँडलने चालणाऱ्या यंत्राचे कारखाने भरभराटीला आले. त्यांतील टर्नस्टेट हा कारखाना गाड्यांची शरीरे बांधणाऱ्या फिशर बंधूंनी आपल्या पंखाखाली घेतला, आणि फिशर बंधूंचा सारा व्याप १९२६ मध्ये जनरल मोटर्समध्ये विलीन झाला. त्याच वर्षी जर्मनीत कोबुर्ग येथील मॅक्स ब्रोझे यांच्या कारखान्याने खिडकीच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यांनी ज्या प्रश्नाला हात घातला तो या यंत्राच्या शास्त्रातील खरा प्रश्न होता, म्हणून येथे थोडे थांबणे भाग आहे.

यंत्राची मूळ रचना दिसायला अगदी साधी असते. दाराच्या आतील पत्र्यावर पक्की बसवलेली एक पोलादी पाटी, तिच्यातून बाहेर आलेल्या दांडीवर एका टोकाला हँडल व दुसऱ्या टोकाला मोजक्या दात्यांचे चिमुकले चाक, त्या चाकात गुंतलेला मोठ्या दंतचक्राचा चतुर्थांशाएवढा तुकडा, त्या तुकड्याला रिव्हेटांनी जोडलेला लांब बाहू, आणि बाहूच्या टोकाला एक छोटी भिंगरी, जी काचेच्या खालच्या कडेला बसवलेल्या आडव्या पन्हळीत सरकते. हँडल फिरले की चाक फिरते, चक्राचा तुकडा कलतो, बाहू वर्तुळाच्या कमानीत वर चढतो, आणि भिंगरी पन्हळीत सरकत राहिल्यामुळे ही कमान काचेच्या सरळ चढणीत रूपांतरित होते. रुंद काच एकाच बाहूवर डोलते, म्हणून मोठ्या दारांत दोन बाहू कात्रीच्या घाटाने परस्परांवरून ओलांडून नेलेले असतात. काचेचे वजन हाताला जाणवू नये यासाठी सपाट पोलादी पट्टीची एक घट्ट गुंडाळी बाहूच्या खिळीवर बसवलेली असते. काच खाली येताना ती गुंडाळी आवळते आणि वर जाताना आपली साठवलेली ताकद हाताच्या मदतीला देते.

आता प्रश्न असा, की हाताने फिरवलेल्या हँडलने काच हलते, तर काचेच्या वजनाने, किंवा खडबडीत रस्त्याच्या हिसक्याने, हँडल उलटे का फिरू नये? या शंकेचे उत्तर दांडीभोवतीच्या एका चिमुकल्या गोल डबीत दडलेले आहे. डबी स्थिर असते. तिच्या आतल्या भिंतीला घट्ट चिकटून एक तारेची स्प्रिंग बसते, आणि तिची दोन्ही टोके आत वळवलेली असतात. हँडलकडून जोर आला की तो स्प्रिंगचे टोक अशा बाजूने ढकलतो की तिचा वेढा आवळून व्यास किंचित कमी होतो, ती भिंतीपासून सुटते आणि सारे फिरू लागते; काचेकडून जोर आला तर तो तेच टोक विरुद्ध बाजूने ढकलतो, वेढा फुलतो, आणि स्प्रिंग डबीच्या भिंतीला अशी आवळून धरते की हलण्याचे नाव नाही. चालकाचा हुकूम पाळायचा आणि काचेची तक्रार ऐकायची नाही, असा या डबीचा कारभार. एवढी बुद्धी एवढ्या लहान जागेत मोटारीच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवात सापडणार नाही, असे मला तरी वाटते. १९४० साली पॅकार्डने तेलाच्या दाबावर चालणाऱ्या काचा आणल्या आणि पुढे विजेच्या आल्या, त्यांत ऐषआराम अधिक असेल, चातुर्य अधिक आहे असे म्हणवत नाही.

हे यंत्र हिंदुस्थानात आले ते पेट्यांत बंद होऊन. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना उघडला, फोर्डनेही थोड्याच काळात मुंबईत आपले बस्तान बसवले, आणि सुट्या भागांच्या रूपाने बोटीवरून उतरलेल्या शेवरोले व फोर्ड गाड्या येथील कामगारांच्या हातून उभ्या राहू लागल्या. जोडणीपलीकडे जाऊन संपूर्ण मोटार येथेच घडवावी अशी तजवीज सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५-३६ च्या सुमारास मांडली, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ती उचलून धरली. पण दिल्लीच्या सरकारने तिला साथ दिली नाही, आणि महायुद्ध सुरू झाल्यावर तर तो विषयच मागे पडला. वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली व १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या आणि नंतर इटलीच्या फियाटच्या परवान्याखाली गाड्या बाहेर पडू लागल्या. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स ओख्याहून कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला गेली आणि तेथे मॉरिसच्या साच्यातून पुढे अँबेसेडर निघाली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांना येथे प्रत्यक्ष उत्पादन करायचे नसेल त्यांनी नुसत्या जोडणीचा व्यवसाय गुंडाळावा, असा त्याचा मथितार्थ होता. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये आपला कारभार आवरला.

या फर्मानाचा परिणाम दाराच्या पोकळीपर्यंत पोहोचला. मुलखात हजारो शेवरोले, ब्यूइक, डॉज आणि ऑस्टिन गाड्या धावत होत्या, त्यांचे कारखानदार निघून गेले होते, आणि त्यांचे सुटे भाग आणायचे तर आयातीचा परवाना, परदेशी चलनाची मंजुरी आणि जकातीचा भरणा अशा तीन वेशी ओलांडाव्या लागत. नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची. तेव्हा आहे तीच गाडी चालवणे, आणि तिचा जो भाग झिजेल तो पुन्हा उभा करणे, याशिवाय गत्यंतर नव्हते. पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईच्या चोरबाजारात, दिल्लीच्या काश्मीरी गेटात जे कसब वाढीला लागले ते या अडचणीच्या पोटी जन्मलेले होते. मराठी लेखकांनी परवाना-राज्यावर पुष्कळ टीका केली व ती बहुतांशी रास्तही होती. परंतु त्या राज्याने नकळत एक कारागिरी पोसली, याची नोंद अर्थशास्त्राच्या दफ्तरात मिळणार नाही.

या कारागिरीचे पहिले सूत्र असे, की यंत्र मोडले तर दोष यंत्रात शोधू नये. काच ज्या उभ्या खोबणीतून वर जाते तिला आतून फेल्टचे अस्तर असते. ते झिजले, आकसले किंवा भिजून कुजले की काच तिरकी होते आणि अडकते. चालक हँडलवर जोर करतो. जोर आला की चिमुकल्या चाकाचे कठीण पोलाद चक्राच्या मऊ दात्यांना खाऊ लागते, आणि तेही सर्वत्र सारखे नव्हे. काच पूर्ण बंद होण्याच्या सुमारास, जेथे जोर सर्वांत अधिक, तेथलेच चार-पाच दाते आधी जातात. म्हणून जाणता मिस्त्री दार उघडल्यावर प्रथम हँडलला हात लावत नाही. तो दोन्ही तळवे काचेच्या दोन बाजूंना टेकवून ती हातानेच वरखाली करून पाहतो आणि ती कोठे रुसते ते मनाशी टिपून ठेवतो. दुसरे सूत्र पाण्याचे. काचेवरून ओघळलेला पाऊस दारातच उतरतो, त्यासाठी दाराच्या तळाला छिद्रे ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की पाणी साचते, दाराचा तळ कुजतो, आणि काचेची पन्हळ गंजून फुगली की काच कडेने तडकते. मुंबईतील गाड्यांचे निम्मे दुखणे या बुजलेल्या छिद्रांत असते.

दाते झिजलेला तुकडा फेकून देण्याची चैन कोणालाच नव्हती. गॅसच्या ज्योतीने त्या जागी पितळ चढवायचे, आणि शेजारच्या शाबूत दात्याचा साचा डोळ्यासमोर ठेवून कानशीने नवा दाता काढायचा, ही पद्धत होती. हलक्या हाताने केलेले काम वर्षानुवर्षे टिके. सैल झालेल्या रिव्हेटाच्या जागी नटबोल्ट बसे, भिंगरी गेली तर लेथवर पितळेची किंवा नायलॉनची नवी कातली जाई, खोबणीला मेणबत्ती घासली जाई. गुंडाळीच्या स्प्रिंगचे काम मात्र भीतीचे होते: यंत्र दारातून सोडवण्याआधी चक्राच्या तुकड्याला खिळा घालून किंवा पकडीने आवळून जखडले नाही, तर साठलेली ताकद क्षणात सुटते आणि बाहू कारागिराच्या बोटांवर येतो. नवशिक्याला हा धडा आधी शिकवला जाई, दाते काढणे नंतर. आणि जेथे इतकेही परवडत नसे तेथे लाकडाची पाचर होतीच. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या कित्येकांना आठवत असेल, की चार दारांना मिळून हँडल एकच असे. ते चालकाच्या जवळ असे, आणि पाऊस सुरू झाला की विनंतीवरून मागे दिले जाई.

महायुद्धापूर्वीच्या अमेरिकन आणि युरोपीय गाड्यांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. त्यांची हँडले आणि यंत्राचे काही भाग जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असत, आणि त्या जस्तात शिशाचा किंवा कथलाचा अंश राहून गेला असेल तर तो धातू आतून कणाकणाने विस्कटतो. वर्षे गेली की तो फुगतो, त्यावर जाळीदार भेगा पडतात, आणि एके दिवशी हातातच त्याचा भुगा होतो. याला झाळकाम चालत नाही, वेल्डिंग चालत नाही. विटलेल्या भागाचा ठसा घेऊन, फुगवट्याचा हिशेब वजा करून, तो पितळेत नव्याने ओतणे किंवा पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढणे हाच मार्ग, आणि हे काम करणारे हात आता फार थोडे उरले आहेत. गाडी जितकी थोर कुळातील, तितकी ही व्याधी अधिक संभवते, हा दैवाचा एक विनोदच म्हणायचा. साध्या पोलादी पत्र्यातून दाबून काढलेली स्वस्त गाड्यांची यंत्रे गंजली तरी दुरुस्त होतात.

येथे जीर्णोद्धाराच्या क्षेत्रातील एक जुना वाद उपस्थित होतो. अस्सलपणाचे अभिमानी म्हणतात, की पितळ चढवलेला तुकडा काढून टाकावा आणि मूळ कारखान्याच्या नमुन्याबरहुकूम नवा बसवावा, कारण गाडी ज्या दिवशी कारखान्याबाहेर पडली त्या दिवसाचे तिचे रूप हेच तिचे सत्य रूप. मला हा सिद्धांत पटत नाही. गाडीचे आयुष्य कारखान्याच्या दारात संपले नाही, तेथे सुरू झाले. आणि १९३८ च्या ब्यूइकच्या दारात एखाद्या अनाम कारागिराने १९६० च्या टंचाईत कानशीने काढलेले चार पितळी दाते हा त्या आयुष्याचा बाह्यांगावरील कोणत्याही चकाकीपेक्षा अधिक विश्वसनीय दस्तऐवज आहे. बाहेरचा पत्रा प्रत्येक मालक आपल्या हौसेप्रमाणे ठोकतो आणि रंगवतो, पण दाराच्या आत कोणी दाखवण्यासाठी काम करत नाही, म्हणून तेथे जे दिसते ते खरे असते. दाते चालत असतील तर ते साफ करून, ग्रीस लावून, होते तेथे बसवावेत. चालत नसतील तर बदलावेत, पण जुना तुकडा कापडात बांधून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा.

कायद्याची भूमिका या बाबतीत सोयीस्कर आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली, तिच्यासाठी पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे आणि २०,००० रुपये शुल्क ठरवले, आणि गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी अशी अट घातली; ही अट चासी, सांगाडा आणि इंजिन यांचा उल्लेख करते, खिडकीच्या यंत्राचा करत नाही. बहुतेक हौशी लोकांना अजून ब्यूइक आणि रोल्सचीच ओढ असली, तरी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीकडेही आता जीर्णोद्धाराच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले आहे. टॅक्सी म्हणून तिची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली, आणि २० वर्षांच्या मुदतीच्या नियमाने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. भंगारात गेलेल्या या टॅक्सींच्या दारांतून यंत्रे निघतात, तेव्हा ती विपुल मिळावीत असे कोणालाही वाटेल. पण पुढच्या दाराचे यंत्र मागच्याला चालत नाही, डावे उजव्याला चालत नाही. उतारू डाव्या बाजूने चढणार-उतरणार, त्यामुळे मागच्या उजव्या दाराचे यंत्र सर्वांत कमी फिरलेले, आणि ज्याची खरी निकड ते चालकाच्या दाराचे, दिवसभर हात बाहेर काढण्यासाठी वरखाली होत राहिलेले, ते शोधूनही धड सापडत नाही. मग पुन्हा गॅसची ज्योत, पितळाची कांडी आणि कानस.